मस्कतचा दीड तास

घरातला गीझर बंद केला की आमच्याकडे उन्हाळा सुरू झाला असं समजायचं. मस्कतमध्ये एप्रिल अर्धा सरला की गार पाण्याच्या नळाला चहाला चालेल असं पाणी यायला लागतं, कारण टाक्या गच्चीवर आणि गच्चीवर दिवसभर ऊन. मग बंद गीझरमध्ये, घराच्या सावलीत पडून राहिलेलं पाणीच काय ते गार उरतं. म्हणजे लाल खुणेचा नळ गारव्याला आणि निळ्या खुणेचा चटक्याला. भारतातून आलेल्या पाहुण्यांना हे समजावून सांगताना माझा नवरा दर वर्षी तितकाच खूश होतो, जणू ही व्यवस्था त्यानेच लावली आहे. मला मात्र त्या उलट्या नळाखाली हात धरला की एक जुना उन्हाळा आठवतो. त्या उन्हाळ्यात माझंही असंच सगळं उलटं झालं होतं.

आज सकाळी गीझर बंद केला. शाळेच्या बसमधून जाताना पाहिलं, तर रस्त्याच्या दुभाजकावरच्या खजुरांना हिरव्या मण्यांचे घोस लटकलेले. शाळेत नवं वर्ष सुरू होऊन थोडेच दिवस झालेत. नव्या दप्तरांचा वास अजून वर्गात आहे, आणि पहिलीतली मुलं अजून आपला वर्ग सोडून भलत्याच वर्गात जाऊन रडतात. मधल्या सुट्टीत फोन उघडला तर खांबेटे बाईंचा फोन येऊन गेलेला.

आज रविवार. भारतात सुट्टी, इथे शाळा. आमच्याकडे आठवडा रविवारी सुरू होतो आणि गुरुवारी संपतो. हे बाईंना ठाऊक नाही असं कसं म्हणावं? आमच्या शाळेच्या त्या पर्यवेक्षिका होत्या, उभी हयात त्यांनी इथल्या रविवारी शिकवण्यात घालवली. निवृत्त होऊन त्या नाशिकला गेल्या, तिथे एकट्याच राहतात. मी परत फोन लावणार तेवढ्यात घंटा झाली. म्हटलं, दुपारी लावू. पण दिवसभर ते राहिलेलं बोलणं माझ्याबरोबर वर्गावर्गातून हिंडलं, आणि त्याच्या मागोमाग तो उन्हाळाही आला.

त्या वर्षी माझी मुलगी इंजिनिअरिंगला पुण्याला गेली होती. मस्कतच्या दार्सैत भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी आणि दुपार अशा दोघीच राहिलो. दार्सैतची सकाळ गजबजलेली असते, संध्याकाळही असते. देवळाची घंटा वाजते, टॅक्सीवाले हॉर्न देतात, बायका कोथिंबिरीच्या जुड्या उलट्यासुलट्या करून बघतात. पण जेवणं झाली की दुकानांची शटर्स खाली येतात आणि संध्याकाळपर्यंत रस्ता कुणाचाच नसतो. गॅलरीतल्या दोरीवर शेवटचा कपडा घालेपर्यंत पहिला वाळलेला असायचा. मग तो घडी करायचा. मग दुसरा. एसीची घरघर इतकी ओळखीची झाली होती की ती थांबली की मी दचकायचे. नवरा संध्याकाळी घरी आला की विचारायचा, "आज काय केलंस?" तो प्रेमानेच विचारायचा, पण मला त्या प्रश्नाची धास्ती बसली होती.

माझ्या ओळखपत्रावर कुटुंबाबरोबर आलेली असं लिहिलेलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं. लग्नाआधी मी बी.एड. केलं होतं आणि ते प्रमाणपत्र एका जुन्या सुटकेसमध्ये साड्यांच्या खाली झोपलं होतं. शाळेत मराठी शिकवायला ट्रेनी हवी असल्याचं शेजारणीने सांगितलं, तेव्हा मी चाळिशी ओलांडलेली होते. ट्रेनी या शब्दाचं मला हसू आलं. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, तू आणि मी सेम सेम. दोघी फर्स्ट इयर." मग मात्र मी प्रमाणपत्र काढून उन्हात धरलं आणि अर्ज केला.

आम्ही दोघी ट्रेनी होतो. दुसरी नसीम. ती श्रीवर्धनकडची, नवऱ्याचं मस्कतच्याच गाला भागात गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान, आणि ती गणित शिकवणार. पहिल्याच दिवशी ती मला म्हणाली, "अगो, तू पुन्याची ना? मग हळू बोल माज्याशी, तुजं शुद्ध मराठी ऐकून मना परीक्षेत बसल्यासारखं वाटतं." माझं मराठी तेव्हापासून जे सैल पडलं ते आजपर्यंत तसंच आहे, आणि मला ते आवडतं.

ट्रेनीचा दिवस म्हणजे काय, ते ट्रेनीलाच ठाऊक. उजाडायच्या आत बस पकडायची. प्रार्थनेला रांगा सरळ करायच्या. जी शिक्षिका आली नसेल तिचा वर्ग आपला. जिन्यावर उभं राहून धावणाऱ्यांना थांबवायचं, डबा सांडलेल्याला गप्प करायचं, तक्ते रंगवायचे, शाळा सुटली की बसगाड्यांपाशी उभं राहून मुलं मोजून आत बसवायची. तिथल्या उन्हाने डोळ्यांपुढे पिवळी वर्तुळं नाचायची. मुलांची शेवटची बस गेली की बाकीच्या शिक्षिका पर्स उचलून घरी जायच्या आणि आमचा खरा वर्ग सुरू व्हायचा. खांबेटे बाई आम्हाला रोज दीड तास शिकवायच्या. घरी गेल्यावर उद्याची पाठ टाचणं लिहायची ती वेगळीच.

हा दीड तास कुठून आला, ते बाईंनी पहिल्या दिवशीच सांगितलं. उंच, सडसडीत, सुती साडी, मनगटाच्या आतल्या बाजूला घड्याळ. त्या म्हणाल्या, "भारतातून इथे उतरलात तेव्हा घड्याळं मागे केलीत ना? किती?"

"दीड तास," नसीम म्हणाली.

"म्हणजे प्रत्येकीला दीड तास फुकट मिळाला. त्याचं काय केलंत?"

आम्ही एकमेकींकडे बघितलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मला तर उत्तर देण्याची लाज वाटली, कारण माझ्या डोळ्यांपुढे दोरीवरचे कपडे आले.

"काही केलं नसेल तर मला द्या," बाई म्हणाल्या आणि फळ्याकडे वळल्या.

त्या वर्गाला एक वास होता. पांढऱ्या फळ्यावरच्या मार्करचा, कागदी पेल्यातल्या करक, म्हणजे इथल्या दाट दुधाच्या, चहातल्या वेलचीचा, आणि बंद खिडक्यांतून कशी कोण जाणे आत येणाऱ्या बारीक धुळीचा. बाहेर शाळा ओस पडलेली. अंगणातल्या खजुरीवर चढून माळी घोस खाली ओढून झावळ्यांना बांधत असायचा, म्हणजे फळ जड झालं की तुटणार नाही. बाई बोलता बोलता मध्येच थांबून तिकडे बघत राहायच्या. आम्हीही बघायचो. शिकवणं थांबलंय असं तेव्हा कुणालाच वाटायचं नाही.

एका दुपारी नसीम फार दमली होती. घरी पाहुणे यायचे होते. ती माझ्या कानाशी पुटपुटली, "ह्या बाईंना घरदार नाय काय गो? माजा नवरा गाल्यावरनं येऊन जेवनाची वाट बघत असंल." बाईंचे कान फार तीक्ष्ण. त्या रागावल्या मात्र नाहीत. खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांनी आम्हाला व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्लंडची गोष्ट सांगितली. तिथल्या प्राथमिक शाळांत तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींनाच शिकाऊ शिक्षक म्हणून घेत. दिवसभर त्यांनी आपल्यापेक्षा थोड्याच लहान असलेल्या पोरांना शिकवायचं, आणि शाळा भरायच्या आधी किंवा सुटल्यावर मुख्याध्यापकांनी त्यांना शिकवायचं. शिवाय घरी जाऊन अभ्यास.

"आणि मुख्याध्यापकांनी रोज किती वेळ शिकवायचं, याचा नियम होता," बाई म्हणाल्या. "सांगा बघू किती?"

"दीड तास?" नसीमने कपाळाला हात लावला.

"दीड तास," बाई म्हणाल्या. त्या इतक्या छान हसल्या की नसीमलाही हसू आवरेना.

त्या दिवशी घरी जाताना बसच्या खिडकीबाहेर डोंगर धुरकट दिसत होते आणि मी मात्र इंग्लंडमध्ये होते. मला एक मुलगी दिसत होती. तिचं नाव मला माहीत नव्हतं, म्हणून मीच ठेवलं, सुशीला. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यातली सुशीला. धुकं पडलंय, कोळशाचा वास आहे, आणि ही पोर काखेत पाटी मारून उजाडायच्या आत शाळेकडे निघाली आहे. दिवसभर साठ नाही तर सत्तर पोरांकडून पाढे म्हणून घेऊन तिचा घसा बसतो. संध्याकाळी सगळे गेल्यावर ती मुख्याध्यापकांसमोर बसून व्याकरण शिकते आणि तिचे डोळे मिटायला लागतात. बाईंनी गोष्ट सांगितली तेव्हा नसीम कळवळून म्हणाली होती, "बिचारी गो लेकरं." मीही मान डोलावली होती. पण खरं सांगायचं तर मला सुशीलाची कीव आली नव्हती. मला वाटत होतं, त्या सगळ्या दमलेल्या पोरांमध्ये निदान एखादी अशी असेल की जिला शाळा सुटूच नये असं वाटत असेल. घरी तिची कुणी वाट बघत नसेल, किंवा फक्त धुणंच वाट बघत असेल. तिच्यासाठी तो दीड तास म्हणजे दिवसातला सगळ्यात उजेडाचा भाग असेल.

कारण माझं तसं झालं होतं. सगळे कामाच्या तासांवरून कुरकुरायचे आणि मीही चारचौघींत तोंडदेखलं कुरकुरायचे, पण मनातून मला ते तास हवे होते. पाय सुजायचे, आवाज जायचा, रात्रीची भाजी कधी करपायची, आणि तरीही मी खूश होते. संध्याकाळी नवऱ्याने "आज काय केलंस?" विचारलं की मी बोलायला लागायचे आणि त्याचं जेवण संपलं तरी माझं सांगणं संपायचं नाही. दुपार म्हणून काही असते हे मी विसरूनच गेले होते.

पण ते कायमचं नव्हतं. मे महिन्यात प्रत्येकीचा एक पाठ बाई वर्गात मागे बसून बघणार होत्या. पाठ पसंत पडला तर येत्या रविवारपासून नेमणूक. नाही पडला तर त्याच गुरुवारी आभार आणि निरोप. नसीमचा पाठ आधीच्या आठवड्यात झाला आणि ती शिक्षिका झालीसुद्धा. तिने अपूर्णांक शिकवायला घरून गोल भाकऱ्या आणल्या होत्या, आणि पाठ संपल्यावर मुलांनी अपूर्णांक खाऊन टाकले. माझा पाठ राहिला होता. डोळे मिटले की दार्सैतची गॅलरी दिसायची. दोरी दिसायची. ती मोठी, पांढरी दुपार दिसायची. मला काहीही चाललं असतं, पण तिथे परत जायचं नव्हतं.

तो गुरुवार उजाडला तेव्हा हवेत इतका दमटपणा होता की वर्गाच्या काचा बाहेरून घामेजल्या होत्या. चौथीचा वर्ग, तिसरी भाषा मराठी. धडा आठवड्याच्या वारांचा. माझं पाठ टाचण कसं पाहत राहावं असं होतं. प्रस्तावना, वाचन, प्रश्न, मूल्यमापन, निष्कर्ष, सगळं मिनिटांत बसवलेलं. बाई शेवटच्या बाकावर बसल्या. मी फळ्यावर पुस्तकातलं पहिलं वाक्य लिहिलं, "रविवार हा सुट्टीचा वार", आणि मुलांना वाचायला सांगितलं.

कुणीच वाचेना. मग सान्वी नावाची चष्मेवाली मुलगी उभी राहिली. "टीचर, हे राँग आहे. संडेला तर स्कूल असते."

"पुस्तकात तसं दिलंय ना, बाळा."

"पण बुक इंडियाचं आहे," ती म्हणाली.

पाठ टाचणात या वाक्याला जागाच नव्हती. "बरोबर, बस खाली" म्हणून पुढे गेले असते तर सगळं मिनिटांत बसलं असतं. पण फैजान हात वर करून नुसता उड्या मारत होता. त्याचे वडील भाजीच्या व्यापारात, तेव्हा मोठा भाजीबाजार मवालेहलाच होता. "टीचर, माज्या बाबांचा फ्रायडे पन नाय. फ्रायडेला मार्केटमधे जास्त लोक येतात. बाबांचा कुठलाच वार सुट्टीचा नाय."

"मग ते कधी झोपतात?" कुणीतरी विचारलं.

"ट्रकमधे," फैजान अभिमानाने म्हणाला.

वर्ग हसला. सान्वी अजून उभीच होती. मराठी शब्द शोधताना ती चष्मा वर ढकलायची. "टीचर, माझ्या आजीचा संडे हॉलिडे असतो. ती तिकडून फोन करते. पण मी स्कूलमध्ये असते. मम्मा पण ऑफिसमध्ये असते. मग आजी... आजी एकटीच संडे करते."

मी खडबडून जागी झाल्यासारखी तिच्याकडे बघत राहिले. पुण्यात माझी आईसुद्धा रविवारी सकाळी फोन करायची, आणि मी वर्गावर असायचे. माझी आई एकटीच रविवार करत होती, आणि हे मला चौथीतल्या मुलीने तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत सांगितलं. मी फळ्याकडे वळले, कारण डोळे भरून आले होते. फळ्यावरच्या वाक्याच्या आधी मी "आजीकडे" हा शब्द लिहिला. "आजीकडे रविवार हा सुट्टीचा वार." मग मुलांना म्हटलं, आता प्रत्येकाने आपापल्या घरचा वार सांगायचा. आणि मग काही माझ्या हातात राहिलं नाही. हात वर, शब्द अर्धे इंग्रजी, अर्धे हिंदी, मधूनच एखादा मराठी, आणि तो सापडला की त्या मुलाचा उजळलेला चेहरा. "शुक्रवार इडलीचा वार." "शनिवार पप्पा गाडी धुण्याचा वार." फळा भरला. घंटा झाली. मूल्यमापन राहिलं, निष्कर्ष राहिला, पुस्तकातली उरलेली वाक्यं तशीच पुस्तकात राहिली. बाईंनी पेनाला टोपण लावलं आणि त्या बाहेर गेल्या.

दुपारचा दीड तास त्या दिवशीही झाला. बाई नेहमीसारख्या शिकवत होत्या आणि मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. खजुरीवर आज माळी नव्हता. हिरव्या घोसांत कुठे कुठे पहिला पिवळा मणी दिसत होता. मनात म्हटलं, हे पिकतील तेव्हा आपण इथे नसू. वर्ग संपला, नेमणूक होऊनही या वर्गाला येणारी नसीम बाहेर जाऊन थांबली, आणि बाईंनी मला बोलावलं.

"पाठ अपुरा राहिला."

"हो, बाई."

"मूल्यमापन नाही. निष्कर्ष नाही."

"हो."

"मुलांना असं अर्ध्यात सोडता येत नाही." त्यांनी मनगट उलटं करून घड्याळ बघितलं, पर्स उचलली आणि म्हणाल्या, "उरलेला पाठ रविवारी घ्या."

मी मान खाली घालून बाहेर आले. फाटकापर्यंत कशीबशी आले आणि तिथे मला रडू कोसळलं. नसीम घाबरली. "काय झालं गो? काय म्हनाल्या?"

"म्हणाल्या, उरलेला पाठ रविवारी घ्या." मला नीट बोलताही येत नव्हतं. "सरळ नाही म्हणायचं होतं ना. सुट्टीच्या दिवशी घ्या म्हणजे काय? घरी बसा असंच ना? इतकं टोचून बोलायची काय गरज होती?"

नसीम माझ्याकडे बघतच राहिली. मग ती जी हसत सुटली ती फाटकाला धरून खालीच बसली. "अगो येडे! रविवारी शाळा असते ना! आत्ताच तर शिकवून आलीस पोरांना!"

मी उन्हात उभी होते. सकाळभर मी आख्ख्या वर्गाला सांगत होते की इथे रविवार शाळेचा, आणि स्वतःच्या जिवाचा प्रश्न आला तेव्हा माझ्या कानांनी पुण्याचाच रविवार ऐकला होता. येत्या रविवारपासून नेमणूक. उरलेला पाठ रविवारी. किती वेळ लागला मला ते कळायला! कळलं तेव्हा मी नसीमला मिठी मारली. दोघी घामाने चिंब होतो. तिचा नवरा गाडी घेऊन आला होता, त्याने काच खाली करून विचारलं, "खलास झाली काय शाळा?" नसीम म्हणाली, "खलास नाय, हिची आता सुरू झाली."

त्यानंतरचे उन्हाळे एकमेकांत मिसळून गेले आहेत. कुठल्या वर्षी काय घडलं ते सांगता यायचं नाही. पण त्या उन्हाळ्याचा प्रत्येक वास वेगळा काढून दाखवता येईल. नसीम अजून माझ्या शेजारच्याच वर्गात गणित शिकवते, आणि भिंतीपलीकडून तिचा आवाज आला की मला उगाच धीर येतो. बाई निवृत्त झाल्या तेव्हा त्यांना निरोप द्यायला आम्ही दोघी विमानतळावर गेलो होतो. बाईंनी मनगट उलटं करून घड्याळ बघितलं आणि म्हणाल्या, "आता तो दीड तास परत द्यावा लागणार." आम्ही हसलो. बाईही हसल्या. पण हात हलवून आत जाताना त्यांनी मागे वळून बघितलं नाही, आणि बाई तशा मागे वळून न बघणाऱ्यांपैकी नव्हत्या.

त्यांचा दुपारचा वर्ग आता मी घेते.

आज मुलांची शेवटची बस गेली आणि यंदाच्या तिघी ट्रेनी वर्गात येऊन बसल्या. पाय चपलांमधून काढून बाकाखाली सैल सोडलेले, चेहरे उन्हाने तांबूस. मी त्यांना थांबायला सांगितलं आणि टेबलाशी उभी राहून बाईंना फोन लावला.

"बाई, फोन केला होतात?"

"अगं, चुकून लागला." नोकरीत त्या मला अहो-जाहो करायच्या, निवृत्त झाल्यापासून मी "अगं" झाले आहे. "तू वर्गावर असशील हे विसरलेच. तुमचा रविवार म्हणजे शाळेचा."

"बऱ्या आहात ना?"

"मला काय धाड भरलीय? जेवण झालं, पेपर झाला. शब्दकोडंही झालं." मग म्हणाल्या, "इथे दुपार फार मोठी असते गं. मला ठाऊकच नव्हतं."

बाईंना ठाऊक असणार कसं? त्यांच्या आयुष्यातली प्रत्येक दुपार त्यांनी आम्हाला देऊन टाकली होती. मला मात्र ती दुपार ठाऊक होती. तिचा रंग, तिचा आवाज, दोरीवरचे कपडे, सगळं. फोन चुकून लागत नसतो हेही मला ठाऊक होतं.

"बाई, फोन ठेवू नका," मी म्हटलं. स्पीकर लावला आणि फोन टेबलावर मार्करच्या डबीला टेकवून उभा ठेवला. ट्रेनी मुलींना म्हटलं, "आज आपला वर्ग बघायला खांबेटे बाई आल्या आहेत. नीट बसा."

तिघींनी गोंधळून फोनकडे बघितलं. मी शिकवायला सुरुवात केली. विषय होता, मुलांना प्रश्न कसा विचारावा. दोनच वाक्यं झाली असतील नसतील, तेवढ्यात टेबलावरून आवाज आला.

"मागच्या बाकापर्यंत ऐकू जात नाहीये."

तिघी एकदम ताठ बसल्या. एकीने तर बाकाखाली चपला शोधून पायात घातल्या. मी म्हटलं, "बाई, मग तुम्हीच सांगा ना." त्या आधी "छे छे" म्हणाल्या, मग "एवढंच सांगते" म्हणाल्या, आणि मग सांगतच गेल्या. तो जुना आवाज त्या वर्गात पुन्हा भरला. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. माळी खजुरीवर चढून घोस बांधत होता, आणि फोनमधूनच बाई म्हणाल्या, "काय गं, घोस बांधायला लागले का?" मी हो म्हटलं. त्या क्षणभर गप्प राहिल्या, जशा पूर्वी राहायच्या. मग त्यांनी दमलेल्या मुलींना इंग्लंडमधल्या त्या शिकाऊ पोरांची गोष्ट सुरू केली, आणि मला धुक्यातून पाटी घेऊन येणारी माझी सुशीला दिसली.

गोष्ट रंगात आली असतानाच बाहेर बसचा हॉर्न वाजला. शिक्षिकांची उशिराची बस कुणासाठी थांबत नाही. मुली चुळबुळल्या. फोनमधला आवाज अडखळला.

"निघाल्या वाटतं सगळ्या," बाई म्हणाल्या. "बरं, जा जा. पण माझं अपुरंच राहिलं गं."

मी फोन हातात घेतला.

"उरलेला पाठ रविवारी घ्या, बाई."

नाशिकच्या दुपारी एक पंखा फिरताना ऐकू येत होता. मग बाईंनी घसा साफ केला, आणि पूर्वी मागच्या बाकापर्यंत ऐकू जायचा तोच आवाज आला.

"घड्याळ तुमचंच धरू ना?"